स्वतःची चाल

पांढुर्णा-सौंसरकडच्या वरातीत बँडने नवी चाल धरली, तर नाचणारे थबकतात. ओळखीचेच हवे असते. मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांचीही हीच गत होती. परदेशी गाणे जितके हुबेहूब, तितकी वाहवा. १९८४ साली निघालेल्या 'रॉक मशीन'ने मात्र १९८८ मध्ये आपली पहिली ध्वनिफीत, 'रॉक अँड रोल रेनेगेड', स्वरचित गाण्यांची काढली. हे धाडसच! महेश तिनईकरांची गिटार तीत उमेदीने वाजते. उदय बेनेगलांच्या गायनावर परदेशी गुरूंची छाया अजून आहे. शब्दही इंग्रजी, हिंदी मुलखात मराठी जपणाऱ्या आपल्या घरांना ते खटकावे. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. १९९५ साली त्यांच्या 'प्रीटी चाइल्ड'ला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तेही गाणे स्वतःचेच.