वायर आपली, तर वायफायची जबाबदारीही आपलीच

राजारामपुरीतली भाड्याची खोली असो, शिवाजी पेठेतला जुना वाडा असो की उद्यमनगरातले छोटे ऑफिस; इंटरनेटची वायर थेट कॉम्प्युटरला जोडलेली आणि राऊटर एकतर नाही किंवा बिघडलेला, असा प्रसंग कुठेही येतो. कॉम्प्युटरवर नेट सुसाट आणि हातातला मोबाइल मात्र डेटा संपल्याने गप्प. अशा वेळी कॉम्प्युटरलाच वायफाय वाटायला लावता येते. काम दोन मिनिटांचे आहे. मात्र त्या दोन मिनिटांत पासवर्डकडे केलेले दुर्लक्ष महागात पडू शकते.

वाटायचे कसे?

विंडोज १० किंवा ११ असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि तिथे 'मोबाइल हॉटस्पॉट' उघडा. कोणते कनेक्शन वाटायचे, तिथे 'इथरनेट' म्हणजे वायरचे कनेक्शन निवडा. कशावरून वाटायचे, तिथे 'वायफाय'. मग हॉटस्पॉट सुरू करा. एका वेळी ८ उपकरणे जोडता येतात. ॲपलच्या मॅकमध्ये हीच सोय 'जनरल', 'शेअरिंग', 'इंटरनेट शेअरिंग' या वाटेने मिळते. लॅपटॉपमध्ये वायफाय असतेच. जुन्या डेस्कटॉपला मात्र यूएसबी वायफाय ॲडॉप्टर लावावा लागतो. कॉम्प्युटर बंद झाला की वायफायही बंद, हे लक्षात ठेवा.

धोका कुठे आहे?

तुमच्या हॉटस्पॉटला जोडलेले सगळे मोबाइल बाहेरच्या जगाला वेगवेगळे दिसत नाहीत. सगळ्यांचा पत्ता एकच, तो तुमच्या कनेक्शनचा. आणि कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात चौकशी येते.

महाराष्ट्राने हे एकदा पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा आयपी पत्ता शोधत तपास पोहोचला नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. त्याचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे वायफाय असुरक्षित होते आणि दुसऱ्यानेच ते वापरले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी असुरक्षित वायफाय शोधण्याची मोहीमच हाती घेतली.

चार गोष्टी पाळा

पहिली, पासवर्ड. विंडोज स्वतःहून एक अवघड पासवर्ड देते. लक्षात राहत नाही म्हणून आपण तो बदलतो आणि मोबाइल नंबर टाकतो. चूक इथेच होते. जोडणी होतानाचे संकेत टिपून घेतले की चोर आपल्या मशीनवर निवांत बसून लाखो पासवर्ड ताडून पाहू शकतो. दहा आकडी नंबर त्यात फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. कंदील, भेंडी, पाटा, आगगाडी असे काहीतरी. फक्त हेच चार नकोत.

दुसरी, सुरक्षेचा प्रकार. निवड विचारली तर 'डब्ल्यूपीए ३' किंवा 'डब्ल्यूपीए २' घ्या. 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. 'ओपन' किंवा 'नन' तर कधीच नको.

तिसरी, कॉम्प्युटरची स्वतःची कडी. हॉटस्पॉटला जोडलेला मोबाइल एका अर्थाने तुमच्या घरात आलेला असतो. म्हणून फायरवॉल चालू ठेवा, शेअर केलेले फोल्डर बंद करा आणि कॉम्प्युटरच्या खात्यालाही पासवर्ड लावा.

चौथी, काम झाले की हॉटस्पॉट बंद करा. कोण जोडले आहे, ते त्याच पानावर दिसते. अनोळखी नाव दिसले किंवा खोलीतला जोडीदार सोडून गेला, तर पासवर्ड बदला.

रोज चार-पाच मोबाइल चालवायचे असतील तर साधा राऊटर घेणेच बरे. कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवावा लागत नाही. पण राऊटरवरही पासवर्डचे हेच नियम लागू आहेत.

आपल्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो आणि 'नाही' म्हणणे आपल्याला जड जाते. पाहुण्याला द्या, पण तो गेल्यावर बदला. शेजाऱ्याला घराची किल्ली कायमची देताना आपण दहा वेळा विचार करतो. पासवर्ड देताना निदान एकदा तरी करावा.