पीतांबराचा रंग आणि दिव्यांची रोषणाई

पेणहून रोह्याला जाताना गाडीत समोरच्या बाकावर एक गृहस्थ आणि एक होतकरू फोटोग्राफर बसले होते. पोराला एडिटिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचा होता. गृहस्थांनी कासू यायच्या आत त्याच्या गळ्यात सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड मारलं, नागोठण्याला काचेचा, आत रंगीत दिवे लुकलुकणारा कॅबिनेट. निडी गेल्यावर पोराने भीत भीत विचारलं, ‘‘आणि मॉनिटर?’’ ‘‘उरल्या पैशात कुठलाही घे. स्क्रीन सगळ्या सारख्याच.’’

म्हणणं सुटसुटीत आहे. ज्यावर गेम पळतो त्यावर फोटो पळणारच. ताकद जास्त तर काम जास्त. आणि गिऱ्हाईक शेवटी फोटो मोबाइलवरच बघतं. यातलं शेवटचं आधी निकालात काढतो. मोबाइलवरच बघायचं तर त्याने छापील अल्बमचे पैसे कशाला मोजले?

आता मॉनिटर. आमच्या पेणमध्ये फोटोचं काम म्हणजे नुसती लग्नं नव्हेत. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती कुठच्या कुठे जातात, आणि लांबचा व्यापारी मूर्ती न बघता फोटोवर ऑर्डर देतो. पीतांबर पिवळाच दिसला पाहिजे, केशरी नाही. अंगाचा रंग मूर्तिकाराने मिसळला तोच. डोळ्यांची आखणी केसाएवढी बारीक. बरीच वर्षं झाली, मीही ‘सगळ्या सारख्याच’ या पंथाचा होतो. कॉम्प्युटरबरोबर जवळजवळ फुकट मिळालेल्या मॉनिटरवर एका कारखान्याचा अख्खा कॅटलॉग केला. स्क्रीनवर पीतांबर निळसर, मेलेला दिसत होता, म्हणून मी प्रत्येक फोटोत त्याला ऊब देत गेलो. छापून आल्यावर मूर्तिकाराने पान मूर्तीशेजारी धरलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘हा गणपती कुणाच्या कारखान्यातला?’’ सगळा कॅटलॉग पुन्हा छापला, माझ्या खर्चाने.

चूक मूर्तीत नव्हती, कॅमेऱ्यात नव्हती, लॅबमध्येही नव्हती. स्वस्तातले बरेच पॅनल लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या प्रत्येकी 64 च छटा खऱ्या दाखवतात. म्हणजे एकूण 2,62,144 रंग. बाकीचे शेजारशेजारच्या छटांची उघडझाप करून डोळ्याला भासवायचे. खऱ्या आठ बिटांच्या पॅनलवर प्रत्येकी 256 छटा, म्हणजे सुमारे 1 कोटी 67 लाख रंग. गणपतीच्या गालावरून सोंडेकडे उतरणारी सावली स्वस्तातल्या पॅनलवर पायऱ्यापायऱ्यांची दिसू शकते, आणि मग आपण नसलेला दोष पुसत बसतो. साध्या टीएन पॅनलवर मान जरा कलली की रंग बदलतो. आयपीएसवर तेवढा बदलत नाही. शिवाय बरेच मॉनिटर खोक्यातून निघतानाच निळसर आणि डोळे दिपवणारे असतात. 1996 साली ठरलेल्या एसआरजीबी या रंगमापात पांढरा म्हणजे 6500 केल्व्हिन, आणि बहुतेक लॅब याच मापातली फाइल मागतात. म्हणून कॅलिब्रेटर लावून पांढरा तिथे आणायचा आणि उजेड 100 ते 120 कँडेलापर्यंत उतरवायचा. आणि हो, मागची भिंत पोपटी रंगवायची नाही. आमच्याकडे ती वास्तुशास्त्राच्या सांगण्यावरून पोपटी आहे. मी तिच्यावर राखाडी पडदा टाकलाय.

कार्ड अगदीच निरुपयोगी म्हणत नाही. रात्रीच्या हळदीच्या फोटोंतला दाणा एआयने काढायचा तर ते मिनिटांचं काम सेकंदांवर आणतं. तेवढ्यापुरते गृहस्थ बरोबर. पण तेवढ्यासाठी मॉनिटरचा बळी?

या गृहस्थांसारखी मंडळी रोल जाऊन डिजिटल आलं तेव्हा ‘मेगापिक्सेल किती?’ एवढंच विचारायची. बारा असले की फोटो आपोआप चांगला, नजर लागते कशाला! शाडू की प्लास्टर या वादातही आकडा आणि आवाज मोठा त्याचंच खरं ठरतं. पण तो वाद इथे नको, मला पेणमध्ये राहायचंय.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो. बजेटचा तिसरा हिस्सा आयपीएस मॉनिटर आणि कॅलिब्रेटरला. रॅम 32 जीबी. कारण 6000 बाय 4000 पिक्सेलच्या फोटोचा एक भरलेला थर 16 बिटांत 144 एमबी होतो, आणि मूर्तीची पार्श्वभूमी काढताना थर दहावर सहज जातात. प्रोसेसर मधला, कार्ड साधं. कामाला एनव्हीएमई एसएसडी, साठवायला वेगळी हार्ड डिस्क, तिची एक नक्कल दुसऱ्या घरी. यूपीएस हवाच, पावसाळ्यात लाइट विचारून जात नाही. लॅपटॉप नको, कारण डेस्कटॉपचा एकेक भाग सुटा बदलता येतो.

त्या पोराला गाडीत हे सांगायला हवं होतं, पण रोहा आलं. अरे बाबा, दुकानात जाशील तेव्हा पिशवीत चांगल्या लॅबमधून छापलेला एक फोटो आणि पेनड्राइव्हमध्ये त्याचीच फाइल ने. फोटो स्क्रीनशेजारी धर, मान डावीउजवीकडे कलवून बघ, मग पैसे मोज.

माझा तो जुना मॉनिटर अजून घरात आहे. पोरं त्यावर क्रिकेट बघतात. मैदान फार हिरवंगार दिसतं.