गुन्हेवार्तेचा निवेदक

गुन्हेवार्ता ही संहिता नव्हे, फार तर संहितेचा कच्चा माल, हे गृहीतक मराठी समीक्षेत इतके मुरले आहे की ते मांडण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. महानगरीय वास्तवाची चर्चा निघाली की अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (1972) आणि ‘सिंहासन’ (1977) यांचा उल्लेख होतो. 1979 च्या चित्रपटातील दिगू टिपणीसही येतो. पण दिगू राजकीय वार्ताहर. पोलीस ठाणे, शवागार आणि न्यायालय यांच्यात खेपा घालणारा, पान लागेपर्यंत एका दूरध्वनीची वाट पाहणारा त्याचा सहव्यावसायिक आमच्या विचारविश्वात जवळजवळ नाहीच. असलाच तर ‘भडक’ या विशेषणापुरता.

हे विशेषण आळशी आहे. मथळा भडक असेल. मजकूर विलक्षण कोरडा असतो. ‘समजते’, ‘सांगण्यात आले’, ‘सूत्रांनी सांगितले’ या कर्ता पुसणाऱ्या प्रयोगांआड जो निवेदक बोलतो तो बहुधा वार्ताहर नसतोच, तपास अधिकारी असतो. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य घ्यावे. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 ला मान्य नव्हती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 23 हेही तेच सांगते. (‘मोक्का’चा अपवाद वेगळा.) न्यायालय जे सहसा कानांआड करते ते दैनिक पहिल्याच परिच्छेदात छापते, आणि आम्ही त्याला ‘माहिती’ म्हणून मोकळे होतो.

वार्ताहराला दोष देणे सोपे आहे. ज्याच्याकडून आज बातमी मिळाली त्याला दुखावले तर उद्या दार बंद, हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याची शैली या व्यवहारातून घडते. ती वाचायची तर हा व्यवहारही वाचावा लागेल.

वाचकाचे काय? राजगडाखाली गुंजवण्यात पुण्याचे दैनिक उघडणाऱ्याला शहरातील खून केवळ छापील रूपात भेटतो. पडताळून पाहायला त्याच्याजवळ काहीच नसते. 2023 च्या जूनमध्ये ‘राजगडाच्या पायथ्याशी’ हे शब्द खुनाच्या बातम्यांत आले, तेव्हा प्रथमच बातमीतील जमीन त्याच्या पायांखालची होती. त्या दिवशी त्याने बातमी कशी वाचली असेल, हा प्रश्न आमच्या वाचकलक्ष्यी समीक्षेने विचारायचा नाही तर कोणी?

‘मिड-डे’चे गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची 11 जून 2011 रोजी पवईत गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुन्हेवार्ताहर जिग्ना व्होरा यांना त्या प्रकरणात अटक झाली. ज्या कर्तृहीन वाक्यांत त्या इतरांविषयी लिहीत आल्या होत्या, त्याच वाक्यांत आता त्यांच्याविषयी लिहिले जाऊ लागले. 2 मे 2018 रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजन व इतरांना जन्मठेप दिली आणि व्होरांना निर्दोष ठरवले. 2019 मध्ये उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. भायखळ्याच्या तुरुंगावरील त्यांचे इंग्रजी आत्मकथन त्याच वर्षी आले. तेथे कर्ता परत येतो: ‘मी’. ते पुस्तक आणि 2011 ची कात्रणे शेजारी ठेवून वाचण्यासाठी लागणाऱ्या कथनमीमांसेच्या संज्ञा आमच्याजवळ केव्हाच्या आहेत. त्या आम्ही कादंबरीसाठी राखून ठेवल्या आहेत.