अर्जामागे चार मिनिटे: हिशेब पुन्हा मांडावा
(सेवा केंद्रांवरील संगणक परिचालकांच्या संघटनेचे मागणीपत्र)



दाखल्याचा एक अर्ज चार मिनिटांत भरावा, जास्त वेळ लागल्यास मोबदला कापू, असे आपले परिपत्रक आले आहे. वेळ मोजायला आमची हरकत नाही. मोजणी चुकली आहे, तक्रार तेवढीच.

आपल्या सल्लागारांनी वापरलेली रीत कार्ड, मोरान आणि न्यूवेल यांनी 1980 साली मांडली. कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला सेकंद द्यायचे: माउसने नेम धरायला 1.1, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला 0.4, मनाच्या तयारीला 1.35, सराईत बोटाला एका कळीमागे 0.2. या हिशेबाने यादीतून तालुका निवडायचा (दोनदा नेम, दोनदा क्लिक), तर हात कीबोर्डवर परत येईपर्यंत पावणेपाच सेकंद जातात. तेव्हा टॅब दाबून त्या रकान्यात जाता यावे आणि दोन अक्षरे टाइप करताच तालुका मिळावा, ही पहिली मागणी.

दुसरी मराठीची. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘कृष्णा’ लिहून पाहावे. क, ऋकार, ष, हलन्त, ण, काना. शिवाय ष आणि ण यांना शिफ्ट, आणि मूळ रीतीत शिफ्टही वेगळी कळ धरतात. डोळ्यांना अक्षरे दोन, बोटांना कळा आठ! आपल्या सल्लागारांच्या तक्त्यात अक्षरे मोजली आहेत. अर्जदार, वडील, गाव, सगळीकडे हाच घोळ. कळा मोजाव्यात.

यंत्राच्या प्रतिसादाला मूळ रीतीत स्वतंत्र जागा आहे. आपल्या तक्त्यात तिथे शून्य. भर दुपारी सर्व्हर गोल फिरत असतो आणि ओटीपी येईल म्हणून समोरच्या आजी मोबाइल कानाला लावून बसलेल्या असतात. हा वेळ कोणाच्या खाती?

शिवाय ही रीत न चुकणाऱ्या सराईत माणसासाठी आहे, आणि मूळ प्रयोगातही अंदाजाची चूक 21 टक्के होती. अशा आकड्यावर कोणाची मजुरी कापू नये. अमेरिकेत नायनेक्स या टेलिफोन कंपनीने ऑपरेटरांसाठी नवी यंत्रे घ्यायचा विचार केला, तेव्हा ग्रे, जॉन आणि अ‍ॅटवुड यांनी याच घराण्यातल्या रीतीने ती हळू ठरतील असे सांगितले. चाचणीत ती सुमारे 4 टक्के हळूच निघाली. तिथे नापास झाले ते यंत्र.

फेरमोजणी होईपर्यंत कपात थांबवावी, कापलेली रक्कम पुढच्या बिलात द्यावी. मोजणीला आमचे दोन परिचालक बसतील. वार सोमवार ठेवावा. त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत असते.