पालकांची सही

सतरा वर्षे सहा महिने वयाच्या मुलास मतदानाचा अधिकार नाही. स्वतःच्या नावावरची जमीन तो विकू शकत नाही, विवाह करू शकत नाही. सैन्यात मात्र तो भरती होऊ शकतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने भरतीचे किमान वय हेच ठेवले, आणि मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास नावनोंदणीच्या अर्जावर आईवडिलांची किंवा पालकांची सही घ्यावी, अशी तरतूद केली. गेल्या काही वर्षांत या योजनेवर पुष्कळ लिहिले गेले. सेनापतींनी लिहिले, अर्थखात्याच्या निवृत्त सचिवांनी लिहिले. ज्यांनी ही सही केली त्यांची बाजू मात्र कोणी फारशी मांडलेली नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील मुलगा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे, किंवा नाशिक रोडच्या तोफखाना केंद्राकडे प्रशिक्षणासाठी निघतो, तो दिवस घरात साजरा करावा की सोसावा हे कोणालाच कळत नाही. स्टँडवर हार घातले जातात, मित्र खांद्यावर घेतात. आई पिशवीत दशम्या आणि चटणी भरते. केंद्रात त्यातले काय आत जाऊ देतील याची तिला कल्पना नसते. बाप बहुधा काही बोलत नाही, गाडीची वेळ पुन्हापुन्हा विचारतो. पुढचे कित्येक महिने मुलगा घरी येणार नाही आणि फोन केंद्राच्या मर्जीने येणार. रविवारी तो आला नाही तर सोमवारी शेतात कामाला हात लागत नाही. फोन आला आणि मुलगा ‘बरं आहे’ एवढेच म्हणाला, तर त्या दोन शब्दांच्या स्वरावरून तो जेवला की नाही, पायाला फोड आले की काय, उस्ताद रागावला काय, याचे तर्क रात्रीपर्यंत चालतात.

या भागात हा अनुभव नवा नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. मराठा रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, म्हणजे पणजोबा, आजोबा, बाप आणि मुलगा एकाच मैदानावर घामाघूम झाले अशी घराणी शोधायला दूर जावे लागत नाही. पराक्रमाची परंपरा म्हणून तिचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. परंतु माण-खटावची जमीन कोरडी आहे, हेही त्याच परंपरेचे कारण आहे. ज्या तालुक्यांनी पलटणीला माणसे दिली त्याच तालुक्यांनी मुंबईच्या गोद्यांना माथाडी दिले आणि देशभरच्या सराफ बाजारांना सोने गाळणारे कारागीर दिले. पाऊस पुरेसा असता तर यांपैकी कितीजण घराबाहेर पडले असते, हा प्रश्न वीरश्रीच्या भाषणांत कधी येत नाही.

मुलाच्या विरहाचा भार त्या पिढ्यांनी पेलला तो कशाच्या बळावर? देवाला नवस होतेच. पण खरा आधार माहितीचा होता. भावकीत कोणीतरी निवृत्त हवालदार असायचा. ‘पहिलं दोन म्हैनं पोरगं रडतंय, मग तिथनं यायला नगं म्हणतंय’, असे तो ओट्यावर बसून सांगायचा आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास बसे, कारण तो स्वतःच पुरावा होता. पंधरा वर्षांची सेवा पुरी करून चाळिशीच्या आत-बाहेर तो परतलेला असे. त्याला दरमहा निवृत्तिवेतन मिळे, दवाखान्याची सोय असे, कॅन्टीनचे कार्ड असे. त्याच्यामागे त्याच्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार होते. मुलगा दूर जातो आहे, कदाचित धोक्यात जातो आहे; परंतु घराला पायाखाली जमीन मिळते आहे, हा तो करार होता. कागदावर आईवडिलांचे नाव नसले तरी ते त्या कराराचे पक्षकार होतेच.

१ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नागरी सेवेतील नव्या नोकरांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले, पुढच्या वर्षी महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरला. त्या वेळी सैन्यदले यातून वगळली गेली होती. शेतकऱ्याच्या बारावी शिकलेल्या मुलाला पेन्शन देणारी नोकरी म्हणून शेवटी सैन्यच उरले. २०२२ मध्ये तेही दार बहुतेकांना बंद झाले. विशेष असे की, केंद्रीय कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजनेखाली हमीचे निवृत्तिवेतन पुन्हा देऊ केले गेले. कचेरीतल्या कारकुनाला ते मिळाले याबद्दल तक्रार नाही. त्याच्या संघटना होत्या, त्यांनी ते लढून मिळवले. जवानाला संघटना करता येत नाही. त्याच्या आईवडिलांना कायद्याने अशी कोणतीच बंदी नाही, याचा विचार पुढे करू.

तूर्त आकडे पाहू. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी मासिक वेतन ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातून दरमहा ३० टक्के कापून सेवानिधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० पडतात. सरकार तितकीच भर घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळतील असे योजना जाहीर करताना सांगण्यात आले. रक्कम एकरकमी ऐकली की मोठी वाटते. तिचा अर्धा भाग मुलाच्याच वेतनातून कापलेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. ती सगळी बँकेत ठेवली आणि वर्षाला सात टक्के व्याज धरले, तर महिन्याला ६,८०० रुपयांच्या आसपास येतात. महागाईप्रमाणे ते वाढत नाहीत. उलट सातव्या वेतन आयोगानंतर निवृत्त सैनिकाचे किमान निवृत्तिवेतनच ९,००० रुपये झाले, वर महागाई भत्ता वेगळा. आणि व्यवहारात ती रक्कम बँकेत राहील काय? बहिणीचे लग्न, विहिरीचे कर्ज आणि भरतीपूर्वी अकॅडमीत भरलेली फी तिच्याकडे डोळे लावून बसलेली असतात. चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला पुढे कायम केले जाणार. उरलेले तिघे ग्रॅच्युइटीविना, माजी सैनिक या दर्जाविना, बाविशी-पंचविशीत घरी परतणार.

प्रशिक्षणाच्या काळातील जोखमीचा प्रश्न वेगळा आहे आणि आईवडिलांची झोप उडवणारा तोच आहे. दोरावरून पडून मणका मोडणे, धावताना हाड चिरणे हे मैदानावर घडतेच. कायम सेवेतल्या जवानास सेवेमुळे अपंगत्व आले तर त्यासाठी आयुष्यभर निवृत्तिवेतन असते. अग्निवीराच्या बाबतीत अपंगत्वाच्या ५०, ७५ आणि १०० टक्के या पायऱ्यांनुसार १५, २५ वा ४४ लाख रुपये एकदाच मिळतात. एकोणीस वर्षांच्या अंथरुणावरच्या मुलाला पुढची चाळीस वर्षे कोण उचलणार, याचे उत्तर या तक्त्यात नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे: त्याची आई. अधिकारी होण्यासाठी प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या छात्रांची दैना वृत्तपत्रांतून आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. सुस्थितीतील घरांची ही गत, तर अल्पभूधारकाच्या घराचे काय होत असेल?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबास विमा, सानुग्रह अनुदान व उरलेल्या सेवेचे वेतन मिळून एक कोटीहून अधिक रक्कम देय असल्याचे सेनेने जाहीर केले. ही रक्कम थोडी नाही, आणि शासनाने काहीच दिले नाही असा प्रचार करणे चुकीचे होईल. प्रश्न असा आहे की, त्याच चौकीवर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कायम जवानाच्या वारसांना निवृत्तिवेतन मिळते, याच्या वारसांना नाही. बर्फ दोघांत भेद करीत नाही, नियम करतात.

सैन्य तरुण हवे हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नाही. सरासरी वय ३२ वरून २६ वर आणण्याचा हेतू सांगितला गेला. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही सैन्य तरुण असावे असेच म्हटले होते. पण त्या समितीने सेवेचा काळ सात ते दहा वर्षे सुचविला होता आणि नंतर या माणसांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे असे म्हटले होते. सामावून घेण्याची ती साखळी बाजूला ठेवून केवळ मुदतच आखूड केली, यामागचे कारण अंदाजपत्रकात दिसते. २०२२-२३ च्या संरक्षण खर्चाच्या सुमारे ५ लाख २५ हजार कोटींपैकी निवृत्तिवेतनावर १ लाख १९ हजार कोटींहून अधिक तरतूद होती. हा बोजा कमी करण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, सांभाळण्याचा खर्च सरकारी खतावणीतून पुसला म्हणून तो संपत नाही. तो त्याच माण-खटावच्या घरांकडे जातो, जिथे त्याची खतावणी कोणी ठेवीत नाही.

शपथविधीच्या संचलनानंतर काही केंद्रांत आईवडिलांच्या छातीवर ‘गौरव पदक’ लावले जाते. बाप फेटा बांधून येतो, आई नवे लुगडे नेसते. मुलगा सलाम ठोकतो तेव्हा दोघांचे डोळे भरतात, आणि त्या अश्रूंत खोटे काही नसते. शासनाला पालकांची सही लागते, पालकांच्या छातीवर पदक लावावेसे वाटते. मग सेवेच्या अटी ठरवताना त्यांचा संबंध नाही, हे म्हणणे टिकत नाही.

पालकांच्या वतीने मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. प्रशिक्षणात किंवा सेवेत अपंग झालेल्या अग्निवीरास कायम जवानाइतकेच अपंगत्व निवृत्तिवेतन मिळावे. मृताच्या वारसांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे. घरी परतणाऱ्यास माजी सैनिकाचा दर्जा आणि आरोग्य योजना मिळावी. चारांत एक हे प्रमाण बदलावे. यांतील पहिल्या दोन मागण्यांस विरोध करणे कोणत्याही पक्षास अवघड जाईल, म्हणून सुरुवात तेथून करावी.

पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातून किती मुले गेली, कोण केव्हा परतणार, कोण प्रशिक्षणातूनच जायबंदी होऊन आले, याच्या याद्या ग्रामपंचायतवार कराव्यात. आईवडिलांना एकत्र बसवावे. सहीच्या वेळी त्यांना काय सांगितले गेले होते आणि काय सांगितले गेले नव्हते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि ते कागद घेऊन त्यांनाच जिल्हाधिकाऱ्यांसमोर आणि खासदारांसमोर उभे करावे.