नाल्याचा काठ चिखलाचाच राहू द्या

नाला स्वच्छ करायचा म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर दोन्ही बाजूंच्या सिमेंटच्या भिंती येतात. लव्हाळं, झुडपं, चिखल सगळं साफ. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ही हौस महागात पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांडपाणी शुद्ध केलं म्हणजे त्यातलं सगळं गेलं असं नसतं. साध्या प्रक्रियेत जिवाणू हवेच्या मदतीने घाण संपवतात, वास जातो, पाणी नितळ दिसतं. पण मलमूत्रातला नायट्रोजन बराचसा नायट्रेट होऊन त्याच पाण्यात राहतो. तो दिसत नाही, उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे तान्ह्या बाळांच्या रक्ताला ऑक्सिजन वाहून नेणं जड जाऊ शकतं.

हा नायट्रेट काठची ओली माती काढून टाकते, तेही फुकट. पाणी मातीतून सावकाश झिरपतं तेव्हा आतला ऑक्सिजन संपतो. मग तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास भागवतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. हवेत तो ७८ टक्के आहेच! या जिवाणूंना खाद्य लागतं कुजलेल्या पानांचं, मुळांचं. म्हणजे आपण श्रमदानात कचरा म्हणून उचलतो, तेच. (आपल्या अंकात नदीवर कविता भरपूर येतात, चिखलावर एकही नाही.)

काळ्या मातीची एक खोड मात्र आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. भेगांतून पाणी सरळ खाली उतरलं, तर जिवाणूंना वेळच मिळत नाही. म्हणून शुद्ध केलेलं पाणी पाइपने एकाच जागी ओतू नये; रुंद काठावर पसरवून, बारमाही ओल टिकेल असं सोडावं. कपाशीच्या शेतातून वाहून येणारा युरियाचा अंशही हाच काठ अडवेल.

डास होतील, असं कुणीतरी म्हणणारच. डास साचलेल्या डबक्यात होतात, मातीच्या आतून झिरपणाऱ्या पाण्यात नाही. उतार नीट काढला की झालं. आणि भिंत बांधून प्रश्न जातो कुठे? सातनाल्याचं पाणी पैनगंगेत, पैनगंगेचं वर्धेत, पुढे प्राणहितेतून गोदावरीत. तेलंगण-महाराष्ट्राची हद्द नकाशावर असते, नायट्रेटला ती माहीत नाही. पुढच्या वेळी नाल्याच्या कामाचा आराखडा निघाला, की भिंतीच्या उंचीसोबत काठाची रुंदी किती ठेवलीय, एवढं तरी आपण विचारू या.