चार महिन्यांची चांदी

परवा मामाचा फोन आला. वेंगुर्ल्याजवळची आमची आजोळची जागा एका हॉटेलवाल्याला हवी आहे. "तुका काय वाटता?" मी "विचार करून सांगतो" म्हणालो खरा, पण दोन दिवस दुसरं काही सुचेना.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून आपण गोव्याकडे बघून स्वप्नं रंगवतोय. तिकडे आग्वादच्या किल्ल्यालगत १९७४ सालीच पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं, १९८३ साली राष्ट्रकुल परिषदेचे बडे पाहुणे त्याच परिसरात विश्रांतीला आले. मग काय, किनाऱ्याचा भावच पालटला!

पण त्याच गोव्याची दुसरी बाजू माझा मामेभाऊ बघतो. तो कांदोळीला हॉटेलात आहे. ऑक्टोबरात बॅग भरतो, नाताळात डबल ड्युटी करतो, मे संपला की घरी. पावसाळ्यात शॅक मोडून ठेवतात आणि साहेब म्हणतात, "गरज लागली की बोलावू." २०१४ च्या शेवटी रशियाचा रूबल कोसळला आणि इकडे मोरजीतले रशियन पाहुणे रोडावले. २०२० मध्ये तर सगळंच ठप्प. म्हणजे त्याचा पगार कुठल्या देशात ठरतो, हे त्यालाही सांगता येत नाही.

शिवाय पैसेवाले आले की भाव त्यांचे लागतात. आसगावसारख्या गावात घर वर्षभर भाड्याने देण्यापेक्षा मोसमात रोजावर देणं मालकाला परवडतं. मग तिथे राबणाऱ्याने राहायचं कुठे?

कुणी म्हणेल, मोसम आंब्या-काजूलाही असतो. असतोच. पण कलमं आपली असतात. एखाद्या वर्षी फळ धरलं नाही तरी पुढच्या वर्षीची आशा आपल्याच दारात उभी असते.

पुण्यात बसून 'विकू नकोस' म्हणणं सोपं आहे, हे कळतं मला. माडावर चढायला माणूस मिळत नाही, मामाचं वय झालंय, आणि मी मे महिन्यात आठ दिवस जाऊन फक्त आंबे खातो. मीही एक प्रकारचा मोसमी पाहुणाच की!

म्हणून मामा, वाचत असशील तर माझं मत असं: जागा विकू नये. मागच्या दोन खोल्या नीट करून निवास-न्याहारी सुरू करावी, बाग तशीच ठेवावी. पाहुणे आले तर वरकमाई, नाही आले तर पोट त्यांच्यावर नाही. खर्चात माझा वाटा धर. आणि या वर्षी जूनमध्येही येतो, कौलं शाकारायला.

बाकी भावंडांनो, तुम्हाला काय वाटतं? फोन करण्याआधी इथेच लिहा.